जुन्या लोखंडी ग्रिलचा रंग उतरवायचाय? आधी हे वाचा

पहिलं ग्रिल मी तीन वेळा घासलं. एकदा रंग काढायला, दुसऱ्यांदा रात्रीत चढलेला गंज काढायला, आणि तिसऱ्यांदा त्या गंजावर घाईनं मारलेला प्रायमर महिन्याभरात फुगून सुटला म्हणून. पुढची पाच ग्रिलं एकेकदाच घासली. पहिल्या ग्रिलवर वाया गेलेले दिवस तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या घराच्या खिडक्या बदलायच्या होत्या. मागच्या गल्लीत एक जुनं घर पाडत होते. तिथली सहा ग्रिलं भंगारात जायच्या आत मी वजनावर उचलली. १० मिमीची चौरस सळई, २५ बाय ५ ची पट्टी, मधोमध कमळाची नक्षी. तीन बाय चार फुटांचं एक ग्रिल साधारण १२ किलो भरतं, आणि आजच्या पातळ पाइपच्या ग्रिलशेजारी उभं केलं की पैलवानासारखं दिसतं. सासूबाई म्हणाल्या, "वरनं एक हात मारला की झालं, खरवडत काय बसायचं?" त्यांचं सगळंच चुकीचं नव्हतं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

१. सगळा रंग काढायलाच हवा का, ते आधी बघा

जुना रंग लोखंडाला घट्ट धरून असेल तर तो काढण्यात अर्थ नाही. घट्ट बसलेला रंग हेच लोखंडाचं उत्तम कवच. नुसता १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं तो खरखरीत करायचा, पुसायचा आणि वर नवीन रंग द्यायचा.

तो घट्ट आहे का हे कसं कळणार? ब्लेडनं रंगावर चार आडव्या, चार उभ्या रेघा लोखंडापर्यंत ओढा. त्या जाळीवर चांगली चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. पट्टीवर रंगाचे चौकोन आले तर रंग गेलेला आहे. एखादाच कण आला तर तो भाग सोडून द्या. ही परीक्षा एकाच जागी करू नका. खिडकीचा वरचा भाग शाबूत असतो आणि खालची पट्टी, जिथं पावसाचं पाणी साठतं, ती आतून खाल्लेली असते. पुराचं पाणी शिरलेल्या घरातलं ग्रिल असेल तर खालच्या दोन फुटांवर मुळीच विश्वास ठेवू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर शहरात असं बरंच लोखंड निघालं. वरून रंग ठीक दिसतो आणि ठोकला की पापुद्रा पडतो.

माझ्या सहांपैकी दोन ग्रिलांचा वरचा अर्धा भाग मी तसाच ठेवला. आज सांगितल्याशिवाय कुणाला ओळखू येत नाही.

२. धातू ओळखा

खिशात एक लोहचुंबक ठेवा. चिकटला नाही तर अ‍ॅल्युमिनियम किंवा पितळ. चिकटला तर लोखंड, पण पुढचा प्रश्न राहतोच: साधं, ओतीव की गॅल्व्हनाइज्ड?

ओतीव लोखंड, म्हणजे बिडाचं, नक्षीत जाड-बोजड असतं आणि त्याला साच्याची बारीक रेघ दिसते. ते हातोडीनं ठोकू नका, तडकतं. गॅल्व्हनाइज्डवरचा रंग थोडा खरवडला की खाली करड्या रंगावर हिमासारखी फुलं दिसतात. ते जस्त आहे आणि ते काढायचं नसतं. त्यावर तारेचा ब्रश जोरात चालवला तर गंज थांबवणारा थरच तुम्ही उडवाल.

हे आधी बघायचं कारण एवढंच: कॉस्टिक सोडा साध्या लोखंडाला काही करत नाही, पण अ‍ॅल्युमिनियम आणि जस्त खातो, आणि खाताना हायड्रोजन वायू सुटतो. अ‍ॅल्युमिनियमची कडी कॉस्टिकच्या बादलीत टाकली तर बादली फसफसते, आणि कडीची चाळण होते.

३. रंगाचं वय काढा

ही पायरी मी पहिल्या वेळी गाळली होती, आणि आज सगळ्यात जास्त वाईट त्याचंच वाटतं.

एका कोपऱ्यात ब्लेड तिरकं धरून रंग हळूहळू सोलत गेले तेव्हा थर असे निघाले: वर आकाशी, खाली पिस्ता, त्याखाली पुन्हा आकाशी, मग गडद हिरवा, मग मळकट पांढरा, आणि तळाशी भडक शेंदरी. प्रत्येक थर म्हणजे त्या घरातली एखादी दिवाळी किंवा एखादं लग्न असणार. मला गंमत वाटली. त्या शेंदरी थराचा अर्थ मला नंतर कळला.

शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड. पूर्वी लोखंडावर गंजरोधक म्हणून हाच लावत, त्याला रेड लेड म्हणत. आपल्या ओळखीचा रेड ऑक्साइड वेगळा. तो विटेसारखा, गेरूच्या रंगाचा, आणि त्यातला तांबडेपणा लोखंडाच्या ऑक्साइडचा असतो. तळाशी गेरू दिसला तर चिंता कमी, नारिंगीकडे झुकणारा भडक शेंदरी दिसला तर सावध व्हा. वरच्या थरांतही शिसं असू शकतं, विशेषतः जुन्या पिवळ्या, हिरव्या आणि लाल ऑइल पेंटमध्ये. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको हा नियम आपल्याकडे २०१६ साली निघाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं आहे असंच धरून चाला.

मग काय बदलतं?

कोरडं घासायचं नाही. पाणी शिंपडून, ओलं ठेवून घासायचं. ग्राइंडर अशा रंगावर अजिबात नाही. रंग जाळायचा नाही. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे काम घराच्या आवारात करायचंच नाही. शिशाची धूळ मुलांच्या मेंदूला अपाय करते, आणि ती धूळ अंगणात, चपलांना, साडीच्या पदराला चिकटून घरात येते. कामाचे कपडे वेगळे धुवा, जेवायच्या आधी हात आणि तोंड साबणानं. आमचा पुतण्या तेव्हा तीन वर्षांचा होता आणि माझ्या शेजारी बसून पडलेले रंगाचे तुकडे गोळा करत होता. आजही आठवलं की पोटात कालवतं.

४. सामान

- धुळीसाठी एन ९५ मास्क. रिमूव्हरच्या वाफेपुढे हा मास्क काहीच कामाचा नाही, त्यासाठी सेंद्रिय वाफेचा कार्ट्रिज असलेला मास्क लागतो
- पूर्ण डोळे झाकणारा गॉगल, आणि ग्राइंडर चालवणार असाल तर वर तोंडभर पारदर्शक शील्ड
- कोपरापर्यंतचे जाड रबरी हातमोजे, दोन जोड
- पेंटरची लोखंडी पट्टी: एक रुंद, एक बोटाएवढी
- हातातला तारेचा ब्रश, आणि सांदीकोपऱ्यांसाठी पितळी तारांचा छोटा
- ८०, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर
- चार इंची अँगल ग्राइंडर, त्याला कप ब्रश (तारांचा, वाटीसारखा) आणि फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पट्ट्यांची चकती)
- पेंट रिमूव्हर, थिनर, सुती चिंध्या भरपूर
- जाड प्लास्टिकचा कागद, अंथरायला
- रेड ऑक्साइड मेटल प्रायमर, आधीच आणून ठेवलेला

शेवटची ओळ पुन्हा एकदा वाचा. रंग काढून झाल्यावर प्रायमर आणायला लक्ष्मीपुरीला जाऊ म्हणालात तर तेवढ्यात वाटेत कुणीतरी ओळखीचं भेटतं आणि संध्याकाळ होते.

५. पद्धत निवडा

इथं लोक सगळ्यात जास्त गोंधळतात, कारण प्रत्येक जण आपलीच पद्धत खरी म्हणून सांगतो. मी चारही वापरून बघितल्या. एका ग्रिलला एकच पद्धत पुरत नाही. सपाट पट्टीला एक लागते, कमळाला दुसरी आणि बिजागरीला तिसरी.

हात आणि ग्राइंडर. सरळ सळया आणि पट्ट्यांसाठी, रंगात शिसं नसेल तरच. आधी पट्टीनं पोपडे पाडा, मग कप ब्रश. ग्राइंडर घेताना त्याचे फेरे बघा. चार इंची यंत्र मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरतं, आणि ब्रशवर छापलेला आकडा त्याच्यापेक्षा कमी असेल तर तो ब्रश लावू नका. स्वस्त ब्रशवर बऱ्याचदा आकडाच नसतो. असा एक ब्रश मी वापरला. काम झाल्यावर एप्रन काढला तर त्यात सात तारा टाचणीसारख्या उभ्या रुतल्या होत्या, एक छातीच्या बरोबर मध्ये. तेव्हापासून शील्डशिवाय बटण दाबत नाही. गार्ड काढायचा नाही, ओढणी, पदर, मोकळे केस, गळ्यातला धागा काही लोंबतं ठेवायचं नाही. ब्रश सळईच्या कडेला अशा बाजूनं टेकवा की तो कडेवरून बाहेर पडेल. कडेवर समोरून आदळला की यंत्र हातातून उसळतं.

फ्लॅप डिस्क फक्त वेल्डिंगच्या उंचवट्यांवर आणि खोल गंजावर. ती लोखंडही खाते. उत्साहाच्या भरात मी एका चौरस सळईच्या कडा गोल करून ठेवल्या आहेत.

पेंट रिमूव्हर. नक्षी, पिळाच्या सळया, फुलं, वळणं यांना हाच. जाड थर द्यायचा, एकाच दिशेनं, आणि पुन्हा ब्रश फिरवायचा नाही. त्यात मेण असतं. ते वर येऊन साय धरतं आणि खालचं औषध उडू देत नाही. सारखं चोळत बसलात तर ती साय मोडते. मार्च ते मे मध्ये आपल्या उन्हात ते दहा मिनिटांत वाळतं, म्हणून सावलीत काम करा आणि वर प्लास्टिकचा कागद गुंडाळा. पंधरा-वीस मिनिटांत रंग सुरकुततो, भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा. तेव्हा पट्टीनं ओढायचा. सहा थर एका वेळेत निघत नाहीत. दोन-तीन वेळा लावायची तयारी ठेवा.

डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. मिथिलीन क्लोराइड असेल तर ते भराभर काम करतं, आणि तेवढंच घातक आहे. त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत साठते. शरीरात गेल्यावर त्याचा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बंद बाथरूममध्ये, मोरीत, तळघरात हे वापरून माणसं मेली आहेत. अमेरिकेनं २०१९ मध्ये रंग काढायला ते सामान्य ग्राहकाला विकणंच थांबवलं. आपल्याकडे मिळालं तरी ते उघड्यावरच, वारा पाठीमागून येईल असं बसून. साधे पातळ नायट्राइलचे हातमोजे त्याच्यापुढे काही मिनिटंच टिकतात. म्हणून जाड हातमोजे, आणि आत गार-गार लागलं की लगेच बदलायचे.

कॉस्टिक सोडा. ऑइल पेंट तेलावर बनतो आणि कॉस्टिक त्या तेलाचा साबण करतो. एवढाच त्याचा धंदा. म्हणून जुन्या ऑइल पेंटवर तो उत्तम, पावडर कोटिंग आणि इपॉक्सी या तेलावर न बनलेल्या लेपांवर जवळजवळ निरुपयोगी. अख्खं ग्रिल बुडेल एवढं भांडं घरात नसतं आणि असलं तरी तेवढं कॉस्टिक अंगणात भरून ठेवणं मला पटत नाही. मी फक्त बारीक सामान यात टाकते: बिजागऱ्या, कड्या, कोयंडे, स्क्रू.

जाड प्लास्टिकच्या बादलीत आधी १० लिटर थंड पाणी. त्यात थोडा थोडा करून सुमारे १ किलो कॉस्टिक, लाकडी काठीनं ढवळत. कॉस्टिक पाण्यात टाकायचा, पाणी कॉस्टिकवर कधीच ओतायचं नाही. उलटं केलंत तर ते उसळून तोंडावर येतं. पाणी आपोआप तापतं, घाबरू नका. सामान तारेत ओवून सोडा, म्हणजे आत हात घालायला नको. रात्रभरात रंग जेलीसारखा लोंबतो.

माझ्या कोपरावर एक थेंब उडाला होता. दुखलं काहीच नाही, नुसतं साबण लागल्यासारखं बुळबुळीत लागलं. मला वाटलं, काही नाही. तो बुळबुळीतपणा म्हणजे माझ्याच कातडीचा साबण होत होता हे नंतर कळलं. अजून डाग आहे. अंगावर उडालं की नळाखाली पंधरा-वीस मिनिटं धरायचं, व्हिनेगर किंवा लिंबू लावत बसायचं नाही. डोळ्यात गेलं तर पाणी चालू ठेवायचं आणि दवाखाना गाठायचा, वाट बघायची नाही.

ब्लास्टिंग, म्हणजे यंत्रानं बारीक कण जोरात मारून रंग आणि गंज उडवणं. चारपेक्षा जास्त ग्रिलं असतील, किंवा गंज खोल गेला असेल, तर माझं स्पष्ट मत आहे: स्वतः घासू नका. कोल्हापूर फौंड्रीचं गाव आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात ओतकामाची वाळू काढायला शॉट ब्लास्टिंगची यंत्रं रोज चालतात, आणि जॉबवर्क करणारे छोटे कारखानेही आहेत. तिथं तीन प्रश्न विचारा. कशानं मारता? साध्या वाळूनं मारत असतील तर तिथं थांबू नका, त्या धुळीनं फुप्फुसाचा सिलिकोसिस होतो, कामगाराला आधी. कॉपर स्लॅग (तांब्याच्या भट्टीतली मळी) किंवा स्टील ग्रिट (पोलादाचे कण) असेल तर ठीक. दर किलोवर की चौरस फुटावर? जाळीदार वस्तूला यात खूप फरक पडतो. आणि तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा: मारल्या मारल्या तिथंच प्रायमर देता का? नाही म्हणाले तर आपला डबा आणि ब्रश घेऊन जा. रंगात शिसं असेल तर तेही आधीच सांगा, यंत्रावरच्या माणसाला ते कळायला हवं.

पातळ पत्रा असलेला भाग ब्लास्टिंगला देऊ नका. तो वाकतो आणि मग सरळ होत नाही.

पाचवी पद्धत, रंग जाळायची, मी केली नाही, फक्त बघितली. एका वर्कशॉपमध्ये मला प्रेमानं सांगितलं गेलं, "ताई, कशाला जिवाला त्रास? गॅस फिरवतो, अर्ध्या तासात मोकळं." मोकळं होतं हे खरं. जुन्या रंगातलं शिसं धुराबरोबर वर येतं हेही खरं. गॅल्व्हनाइज्ड असेल तर जस्ताचा धूर येतो आणि रात्री हुडहुडी भरून ताप चढतो. पातळ पट्ट्या वाकतात. नाही म्हणायला शिका.

बाथरूमचं अ‍ॅसिड हाही असाच एक सल्ला. गंज झटकन जातो म्हणून लोक वापरतात. ते खड्ड्यांत, वेल्डच्या फटींत शिरून बसतं, कितीही धुतलं तरी थोडं उरतं, आणि दोन पावसाळ्यांत नेमका तिथूनच रंग फुगतो. शिवाय त्याच्या वाफेनं शेजारी ठेवलेल्या पकडी-पान्यांनाही गंज चढतो. ज्या कपाटात माझा अर्धा डबा पडून होता तिथल्या सगळ्या पान्यांनी हे सिद्ध केलंय. गंज उरलाच असेल तर फॉस्फरिक अ‍ॅसिडवर चालणारं रस्ट रिमूव्हर घ्या.

६. सांदीकोपरे

सळई जिथं पट्टीत शिरते तिथलं भोक, पिळाचे आतले कंगोरे, कमळाच्या पाकळ्यांमागची जागा. ग्रिलचा जेमतेम दहावा भाग, पण वेळेचा निम्मा हिस्सा तिथं जातो. रिमूव्हर छोट्या ब्रशनं भरा, मग पितळी ब्रश, मग जाड सुतळी सळईभोवती एक वेढा देऊन दोन्ही टोकांनी पुढे-मागे ओढा. ताक घुसळताना रवीची दोरी ओढतात तसं. सुतळीला थोडं रिमूव्हर लावलं तर आणखी बरं. हे मला कुणी शिकवलं नाही. वैतागून एका दुपारी सुचलं, आणि बाकीच्या ग्रिलांना सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

तरीही फटीत थोडा रंग उरेल. तो हलत नसेल तर राहू द्या.

७. धुणं आणि वाळवणं

रिमूव्हर वापरलं असेल तर थिनरच्या चिंधीनं दोनदा पुसा. त्यातलं मेण लोखंडावर उरलं तर नवीन रंग त्यावर बसत नाही, काही महिन्यांनी सालीसारखा निघतो. चिंधी पलटत राहा, नाहीतर मेण एकीकडून दुसरीकडे फिरत राहतं. कॉस्टिकमधलं सामान भरपूर पाण्यानं, मग पाण्यात थोडं व्हिनेगर घालून, मग पुन्हा साध्या पाण्यानं. बोटांना बुळबुळीत लागेनासं होईपर्यंत, अर्थात हातमोज्यातून.

धुतलं की लगेच पुसा, आणि उन्हात उभं करून वाळवा. हेअर ड्रायर असेल तर फटींतून फिरवा. ओल्या बारदानावर ठेवू नका. आणि इथून पुढं उघड्या हातानं लोखंडाला हात लावू नका, घामाचे ठसे दुसऱ्या दिवशी तांबडे होऊन उठतात.

थिनरच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. उघड्यावर पसरून वाळवा, मग फेका.

८. त्याच दिवशी प्रायमर

माझं पहिलं ग्रिल इथं बिघडलं. जूनचा दुसरा आठवडा होता. शनिवारी दिवसभर घासून लोखंड चांदीसारखं निघालं. सात वाजले, हात मोडून आले होते. म्हटलं, उद्या सकाळी प्रायमर. ओसरीत भिंतीला टेकवून ठेवलं. रात्री पाऊस आला. ओसरी आत, पाण्याचा थेंब लागला नाही, पण सकाळी सगळ्या ग्रिलवर हळद शिंपडल्यासारखा गंज होता. हवेतल्या ओलीचाच. मी तो नुसता फडक्यानं पुसला आणि वरून प्रायमर मारला. पुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे.

उघडं केलेलं लोखंड म्हणजे सोललेलं केळं. म्हणून दिवसाचं गणित उलटं मांडा. संध्याकाळी चारच्या आत प्रायमर लागायला हवा असेल तर किती भाग सकाळी उघडा करता येईल? तेवढाच करा. एका दिवसात अख्खं ग्रिल होत नसेल तर अर्धं घ्या आणि त्या अर्ध्याला प्रायमर देऊन थांबा.

रंगकामातला जुना नियम असा: हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली हवी, आणि लोखंड दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी गरम हवं. घरी हे मोजायचं सोपं लक्षण म्हणजे लोखंडावर ओल्या चिंधीचा एक पट्टा ओढायचा. तो पाच-सात मिनिटांत उडून गेला तर प्रायमर मारा, तसाच राहिला तर थांबा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे काम उघड्यावर करूच नये. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर उत्तम, पण थंडीत सकाळी दव असतं. दहाच्या आधी सुरुवात नको आणि ऊन कलल्यावर ब्रश नको.

पहिला हात थोडा पातळ, टर्पेंटाइन घालून, म्हणजे खड्ड्यांत शिरतो. ब्लास्टिंग केलेलं लोखंड खरखरीत असतं, ते प्रायमर जास्त पितं. कडांना आणि वेल्डच्या जागांना ब्रशनं वेगळा एक हात द्या, कारण कडेवरून रंग ओघळून पातळ राहतो आणि गंज नेमका कडेपासून सुरू होतो. दुसरा हात डब्यावर लिहिलेल्या वेळेनंतर. खालची बाजू, म्हणजे जी चौकटीत जाणार आणि पुन्हा कधीच दिसणार नाही, तिला तीन हात.

९. खरवडलेला रंग कुठं टाकायचा

मोरीत नाही, गटारात नाही. आपल्या शहरातलं बरंचसं सांडपाणी जयंती नाल्यातून पंचगंगेला जातं, आणि पुढच्या गावांत तेच पाणी लोक वापरतात. रंगाचे तुकडे प्लास्टिकच्या कागदासकट गुंडाळा, जुन्या रंगाच्या डब्यात भरून झाकण ठोका. घनकचरा नियमांनुसार रंगाचे डबे हा वेगळा द्यायचा कचरा आहे, तो ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळायचा नसतो. घंटागाडीवाल्याला वेगळा हातात द्या आणि काय आहे ते सांगा. कॉस्टिकचं पाणी दोन दिवस झाकून ठेवा, गाळ तळाशी बसतो. तो गाळही डब्यातच.

१०. त्या ग्रिलवर कोंबडी भाजू नका

हे लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. माझ्याकडचं सहावं ग्रिल थोडं वाकडं होतं, खिडकीत बसेना. आमच्या दिरांनी ते बघून विचारलं, "शेतावर पार्टीला जाळी म्हणून नेऊ का? चार विटांवर ठेवली की झालं."

नाही. खिडकीच्या जुन्या ग्रिलवर अन्न ठेवायचंच नाही, रंग काढलेला असला तरी. फटींत उरलेला शेंदरी थर विस्तवावर काय करेल ते वर सांगितलंय. गॅल्व्हनाइज्ड जाळीही नको. रिमूव्हर, कॉस्टिक, प्रायमर यातलं काहीही लागलेली वस्तू चुलीवर जात नाही.

भाजायच्या खऱ्या शेगडीची जुनी जाळी मिळाली असेल तर तिची रीत निराळी. रसायन नाही, रंगही नाही. बिडाची किंवा जाड सळईची असेल तर निखाऱ्यावर लाल होण्याच्या बेतात तापवा, चिकटलेली चरबी जळून राख होते. गार झाली की तारेच्या ब्रशनं घासा, धुवा, पुन्हा तापवून पाणी उडवा आणि कोमट असताना शेंगदाण्याच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या. असं दोन-तीनदा केलं की काळी चकचकीत होते, बिडाच्या तव्यासारखी. ब्रशची तुटकी तार जाळीत राहिली नाही ना, हे ओल्या फडक्यानं पुसून बघा. शेगडीच्या बाहेरच्या अंगाला रंग हवाच असेल तर उष्णता सोसणारा वेगळा रंग मिळतो, तोही फक्त बाहेरून.

दिरांना मी नवीन जाळी घेऊन दिली. सहावं ग्रिल प्रायमर मारून जिन्याखाली उभं आहे, त्यावर सध्या कारल्याचा वेल चढतोय.